युनिव्हर्सिटी पैसे देते म्हणजे नेमकं काय देते?

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी एम.एस.ला, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात, लागली की दोन-तीन वर्षांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या युनिव्हर्सिटीत स्टार्टअपला पैसे मिळतात." मग आईवडील विचारतात, ते कर्ज असतं का, परत करावं लागतं का, आणि त्या नादात डिग्री तर मागे पडणार नाही ना. प्रश्न रास्त आहेत. उत्तरं मात्र धड मिळत नाहीत, कारण संशोधनाचा निधी, स्टार्टअपचं भांडवल आणि शिकवण्यातल्या नव्या प्रयोगांना मिळणारी मदत या तिन्हींबद्दल एका दमात बोललं जातं. हे पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात आणि प्रत्येकाचा हिशोब मागणारा माणूसही वेगळा असतो.

मुळात हा पैसा बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीचा नसतोच. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. ते राज्य विद्यापीठ आहे, आणि कुठल्याही राज्य विद्यापीठात फी आणि सरकारी अनुदान यांचा मोठा भाग पगार, पेन्शन, वीजबिल आणि इमारतींची डागडुजी यांतच जिरतो. संशोधनाचे पैसे बहुधा दिल्लीहून येतात. स्टार्टअपचे काही दिल्लीहून, काही गांधीनगरहून. युनिव्हर्सिटी मध्ये उभी असते: अर्जावर सही करते, खातं सांभाळते, प्रयोगशाळा उघडून देते, वर्षाच्या शेवटी हिशोब पाठवते. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण यातली एक सही अडली तर मंजूर झालेला पैसाही हाती येत नाही.

आपल्या गावाला हा अनुभव जुना आहे. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. सोबत करारही होता: शिकून आल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. म्हणजे तेव्हाही पैशाला अट होती, आणि ती आधी कागदावर लिहिलेली होती. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात आले तेव्हा जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना, आणि त्यांना ते सोडून जावं लागलं. दरबाराने पैसे दिले होते. शहराने छप्पर दिलं नाही. विद्यापीठाच्या मदतीबद्दल बोलताना आपण रकमेवरच थांबतो, म्हणून हे सांगितलं.

आता एक उदाहरण घेऊ. टेक्नोत (फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग असं पूर्ण नाव गावात कोण घेतं?) इलेक्ट्रिकल शिकणारी एक मुलगी आहे असं समजा. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने पुष्कळ. मकरपुऱ्यात विजेच्या उपकरणांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी 'एर्डा' १९७४ पासून आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ओल शिरली की ते विजेला अडवू शकत नाही. म्हणून तेलाचा नमुना काढतात, अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ठेवतात आणि किती किलोव्होल्टला ठिणगी पडते ते बघतात. या मुलीला नमुना काढायची गरजच राहणार नाही असा, जागेवर ओल मोजणारा स्वस्त सेन्सर करायचा आहे.

हे संशोधन की स्टार्टअप? दोन्ही होऊ शकतं. तेल जुनं होत जातं तसं ओलीचं मोजमाप कसं बदलतं, हा तिचा प्रश्न असेल तर ते संशोधन. शेवटी शोधनिबंध निघेल, आणि सेन्सर चालला नाही तरी का चालला नाही हे लिहिता येईल. हा सेन्सर बडोद्याजवळच्या पोर गावच्या जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) कारखानदार विकत घेईल का, असा प्रश्न असेल तर तो धंदा, आणि तिथे न चाललेल्या सेन्सरला कोणी विचारत नाही. टेबल तेच, सोल्डरिंग गनही तीच. अर्ज मात्र दोन वेगळ्या खिडक्यांवर करायचा.

संशोधनाची खिडकी

देशातली मोठी खिडकी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. त्याचा कायदा २०२३ साली झाला आणि आधीचं 'सर्ब', म्हणजे केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये अशी घोषणा होती. त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योग, देणगीदार वगैरे बिगरसरकारी स्रोतांतून येतील असं गृहीत धरलं होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, त्यामुळे हा बिगरसरकारी आकडा मी थोडा हात राखूनच वाचतो. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे, आणि आपल्याकडे त्यात उद्योगांचा वाटा सरकारपेक्षा कमी असतो. एएनआरएफची 'पेअर' नावाची योजना राज्य विद्यापीठांच्या कामाची आहे: नावाजलेली संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याशी जोडलेली राज्य विद्यापीठं, अशी तिची रचना. याशिवाय जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआर, समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर, विज्ञान-तंत्रज्ञानासाठी राज्याचं गुजकोस्ट अशा खिडक्या आहेत.

इथे अर्ज विद्यार्थी करत नाही, प्राध्यापक करतात. त्यांना प्रधान संशोधक किंवा नुसतं 'पीआय' म्हणतात. पैसा पीआयच्या नावावर मंजूर झाला असं आपण बोलतो, पण तो संस्थेला दिलेला असतो. मंजुरीपत्रात रकमेचे तुकडे पाडलेले असतात: उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं आणि सुटे भाग, प्रवास, किरकोळ, आणि संस्थेचा वरखर्च. जुन्या घरांत आजी किराण्याचा, दुधाचा आणि देवाचा पैसा वेगळ्या डब्यांत ठेवायची आणि एका डब्यातलं दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही, तसंच हे. प्रवासाचे पैसे उरले म्हणून त्यातून सेन्सरचे सुटे भाग घेता येत नाहीत. त्यासाठी पैसे देणाऱ्या संस्थेची परवानगी काढावी लागते.

वर्षाच्या शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे सगळे 'यूसी' म्हणतात ते, पाठवायचं. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. पूर्वी अनुदान संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडायचं. आता केंद्राच्या बऱ्याच योजनांत शून्य शिलकेचं खातं असतं: खर्चाची मर्यादा दिसते, पैसा सरकारकडेच असतो आणि बिल लागेल तसा सुटतो. सरकारला व्याजाच्या दृष्टीने हे बरं. पण मर्यादा मार्चमध्ये संपते, आणि उशिरा मंजूर झालेली रक्कम फेब्रुवारीत घाईघाईने खर्चावी लागते. प्रयोग मात्र आर्थिक वर्ष बघून चालत नाहीत. खरेदीचंही असंच होतं. एका विशिष्ट चिपसाठी तीन कोटेशनं आणायची, तर ती विकणारा एकच असतो. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांसाठी हे नियम सैल केले आणि कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. बातमी छोटी होती, पण मोठ्या निधीच्या घोषणेपेक्षा तिचा उपयोग लवकर कळेल.

म्हणून एखाद्या विद्यापीठात संशोधनाला पाठबळ आहे का हे पाहायचं असेल तर मी आधी लेखाविभागात डोकावेन. तिथे प्रकल्पांसाठी वेगळं टेबल आणि त्या टेबलावर कामाची माहिती असलेला माणूस असेल, तर पीआयचे महिने वाचतात.

पीएच.डी. करणाऱ्यांचं थोडक्यात. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधन पाठ्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं, आणि बडोदं केंद्राच्या वर्गवारीत 'वाय' गटातलं शहर असल्याने ते त्या दराने. जेआरएफ नसेल तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे: महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० किरकोळ खर्चासाठी, दोन वर्षं. पीएच.डी. दोन वर्षांत होत नाही हे योजना आखणाऱ्यांनाही माहीत असणार.

स्टार्टअपची खिडकी

इथे आपल्या राज्याचं खरंच वेगळेपण आहे. गुजरातने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच स्वतंत्र स्टार्टअप धोरण आणलं, एसएसआयपी, आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. यातून कल्पनेचा पहिला नमुना बनवायला दोन-अडीच लाखांच्या घरात मदत मिळू शकते, आणि त्यासाठी कंपनी काढलेली असावी लागत नाही. आपल्या मुलीची सुरुवात इथून. हे कर्ज नाही. सेन्सर फसला तर पैसे परत मागत नाहीत, मात्र बिलं आणि अहवाल द्यावेच लागतात.

पुढची पायरी मोठी आहे. केंद्राच्या 'निधी-प्रयास'मध्ये नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत मदत आहे. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात ९४५ कोटींची तरतूद होती. त्यात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या रोख्यांच्या रूपात. आईवडिलांच्या 'परत करायचं का' या प्रश्नाचं उत्तर इथे दडलंय. योजनेचं नाव तेच, पण पहिला टप्पा अनुदानाचा आणि दुसरा कर्जाचा किंवा शेअरचा. योजना येतात, संपतात, नावं बदलतात; हा फरक मात्र सगळीकडे सापडतो. अलीकडे गाजलेला एक लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) निधी खाजगी उद्योगांना कमी व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा म्हणून आहे. कॉलेजच्या पोरांनी त्याच्या बातम्या वाचून हुरळून जायचं कारण नाही.

हा केंद्राचा पैसा विद्यापीठाच्या खात्यातून येत नाही, इन्क्युबेशन सेंटरमार्फत, म्हणजे नवख्या स्टार्टअपना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रामार्फत, येतो. हे सेंटर बऱ्याचदा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची स्वतंत्र कंपनी असते. दारावर पाटी विद्यापीठाची आणि करारावर नाव भलत्याच कंपनीचं, म्हणून घरचे बिचकतात. कारण साधं आहे. सरकारी शिस्तीच्या विद्यापीठाला एखाद्या नवख्या कंपनीचे शेअर घेणं, विकणं आणि त्यात तोटा सोसणं जड जातं. कलम ८ ची कंपनी शेअर ठेवू शकते, आणि झालेला नफा वाटून घेता येत नसल्याने तो पुन्हा कामातच घालते.

शेअर म्हटलं की कान टवकारायला हवेत. शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण दिलं. त्यानुसार जागा, सोयी, मार्गदर्शन यांच्या बदल्यात संस्था स्टार्टअपमध्ये २ ते साडेनऊ टक्के हिस्सा घेऊ शकते. प्राध्यापकाने स्टार्टअप काढलं तर कामाच्या वेळेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त त्यात घालवायचा नाही. जास्त हवा तर रजा. विद्यार्थ्याला एखादं सत्र किंवा वर्ष थांबून परत येण्याची मुभा आणि हजेरीत सवलत देता येते. संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान एक टक्का यासाठी ठेवावा असंही त्यात आहे. पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रत्येक विद्यापीठ त्यावरून स्वतःचं धोरण करतं. म्हणून सही करण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या धोरणाची प्रत मागून घ्यावी. ती मागण्यात उद्धटपणा काही नाही. उलट प्रत काढून देताना जे चाचरतात, त्यांच्याशी करार करताना जरा जपून.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पेटंटच्या बाबतीत होतं, आणि तेही चांगल्या विद्यार्थ्यांचं. मुलीचा सेन्सर चालला. गाईड खूश. लगेच परिषदेत पेपर वाचला, पोस्टर लावलं, बक्षीसही मिळालं. पण पेटंटसाठी गोष्ट नवी असावी लागते, आणि जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. काही ठरावीक प्रदर्शनांना आणि विद्वत्सभांना सवलत आहे, तीही अटींसह. त्यापेक्षा आधी तात्पुरता अर्ज टाकावा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि तोवर खुशाल पेपर वाचा. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही फीमध्ये ८० टक्के सूट मिळते. अर्ज नीट लिहून देणाऱ्या पेटंट एजंटचा खर्च याहून कितीतरी जास्त येतो, आणि विद्यापीठाची मदत तिथे मोलाची ठरते. पेटंट कोणाच्या मालकीचं? विद्यापीठाचा पैसा आणि प्रयोगशाळा वापरली असेल तर बहुधा विद्यापीठाचंही. संशोधक म्हणून नाव तिचं राहील. मालक म्हणून कोण, हे करारात बघायचं.

प्राध्यापकाने कारखाना काढण्याची कल्पना बडोद्याला आजकाल सुचलेली नाही. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन सुरू केलं ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. त्याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासोबत १९०७ मध्ये अलेम्बिक उभी केली. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. शिक्षण, कारखाना आणि बँक, तिन्ही एका गावात वीस वर्षांच्या आत. आज आपण ज्याला इंग्रजी धाटणीने इकोसिस्टम म्हणतो ती हीच, फक्त तेव्हा तिचं पोर्टल नव्हतं.

आणि शिकवणं?

शिकवण्यातल्या प्रयोगांना पैसा जवळजवळ नसतो. का नसतो हे समजायला एक कोष्टक पुरेसं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधन-गुणांचा तक्ता आहे. विज्ञानातल्या एका शोधनिबंधाला ८ गुण, मानव्यविद्यांत १०. राष्ट्रीय पेटंटला ७, आंतरराष्ट्रीय पेटंटला १०. दहा लाखांवरचा प्रकल्प पूर्ण केला तर १०. शिकवण्याची अभिनव पद्धत विकसित केली तर ५. आणि नवा अभ्यासक्रम आखला तर २. एखादा नवा अभ्यासक्रम नीट उभा करायला वर्ष जातं, मुलांचे प्रश्न बघून तो दुसऱ्या वर्षी पुन्हा मोडावा लागतो. इतकं करून दोन गुण. त्याच वेळात दोन पेपर लिहिले तर सोळा. प्राध्यापक आळशी आहेत असं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता एकदा वाचावा. स्टार्टअप काढणाऱ्या विद्यार्थ्यांमागे रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या गाईडसाठी तर त्यात ओळच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा मांडला. त्यात गुणांऐवजी नऊ प्रकारच्या ठळक योगदानांचा विचार होता. अभिनव अध्यापन, भारतीय भाषांतून अध्यापन आणि स्टार्टअप ही त्यांतली तीन. दिशा मला बरी वाटते. पण गुण निदान मोजता तरी येतात, 'ठळक योगदान' कोण ठरवणार यावर निवड समित्यांत वाद होतील.

गंमत अशी की शिकवण्यातल्या प्रयोगाला पैसा फारसा लागतच नाही. भारतीय भाषांतून शिकवणं मसुद्यात आज आलं; गज्जरांनी कलाभवनात तांत्रिक विषय देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह एकोणिसाव्या शतकातच धरला होता. आणि आपल्याच विद्यापीठातल्या सेंटर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशनमध्ये, म्हणजे 'केस'मध्ये, १९७० च्या दशकात मायक्रोटीचिंगवर काम झालं. शिकाऊ शिक्षकाने सहा मिनिटं शिकवायचं, आणि तेही एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं. सहा मिनिटं सहकाऱ्यांनी चुका सांगायच्या. बारा मिनिटं पाठ पुन्हा बांधायचा. मग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि सहा मिनिटं ऐकायचं. छत्तीस मिनिटांचा हा भारतीय नमुना बी.एड. केलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. याला प्रोजेक्टर लागत नाही. वेळापत्रकात मोकळे तास लागतात, आणि एका वर्गात साठ-सत्तर मुलं कोंबलेली नसावी लागतात. म्हणजे शिकवण्यातल्या प्रयोगांना हवा असलेला निधी खरं तर शिक्षकांच्या भरलेल्या जागांच्या रूपात हवा आहे. त्यासाठी कुठल्या योजनेचं उद्घाटन होत नाही.

धोरणाने काही दारं उघडली आहेत. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून २०२२ पासून उद्योगातला अनुभवी माणूस, पीएच.डी. नसली तरी, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतो. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर दुरुस्त केलेला मकरपुऱ्यातला इंजिनिअर टेक्नोत येऊन एक सत्र शिकवू शकतो. 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेता येतात, विद्यापीठाने तशी सोय केली असेल तर. ते श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, त्यामुळे वर्षभर थांबून परत येणाऱ्याचं आधीचं शिक्षण वाया जात नाही.

सेन्सरच्या कामाचे श्रेयांक त्या मुलीला मिळतील का, हा प्रश्न इन्क्युबेशन सेंटरमध्ये विचारून उपयोग नाही. त्यांना तो अधिकार नसतो. अर्ज विभागप्रमुखांकडे करायचा, सत्र सुरू होण्याआधी, गाईडच्या सहीसकट, आणि पोच घ्यायची.